त्याला विचारणारा कोण?

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर वाचलं. 'एकाधिकारशाही ही शासनव्यवस्था म्हणून स्पष्ट करा', गुण दहा. व्याख्या पुस्तकातली, प्रकार पुस्तकातले, चूक काढायला फारशी जागा ठेवली नाहीस. मी तपासायला असतो तर सहा दिले असते. पण समासात पेन्सिलीने जे खरडलंयस ते वाचून रात्री झोप लागली नाही. 'काका, हे परीक्षेपुरतं. खरं विचाराल तर आपल्याकडे एखादा खमक्या हवाच. जेट्टीचं काय झालं बघा. होडीवर तांडेल एकच असतो ना?'

तुझा वैताग मला समजतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतीस. आता स्पर्धा परीक्षांना बसतेस, आणि गणपतीला येणारे चाकरमानी अजून त्याच रस्त्याला शिव्या घालतात. परवाच्या ग्रामसभेत तू रखडलेल्या जेट्टीचा, होड्या लागायच्या धक्क्याचा, विषय घेऊन उभी राहिलीस आणि कोरम नाही म्हणून सभाच तहकूब झाली, हेही कानावर आलं. लोकशाही किती चांगली हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला पटलेलंच आहे, नाहीतर भर उन्हात तिथे कशाला गेली असतीस? मला सांगायचंय ते एकच आहे आणि पुढची सगळी पानं मी तेच उगाळणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

एखादी राजवट एकाधिकारशाही आहे की नाही, हे ठरवताना एवढंच विचारायचं: त्याला विचारणारा कोण? आणि विचारून झाल्यावर तो विचारणारा रात्री आपल्या घरी जेवायला असतो का?

तू लिहिलंयस, 'सर्व सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटलेली असते.' डोकी मोजून हे ठरत नाही गो. कुठे लष्करातले चार-पाच अधिकारी मिळून देश चालवतात, कुठे एकच पक्ष चालवतो, सौदी अरेबियात एक राजघराणं चालवतं. एकाधिकारशाही ती सगळीच. ब्रिटनमध्ये राजा आहे, मुकुट आहे, तरी अधिवेशन चालू असलं की पंतप्रधानाला दर बुधवारी उभं राहून विरोधकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. बरं, संसद असली की झालं, असंही नाही. रशियाच्या दुसऱ्या निकोलसने 1905 च्या उठावानंतर ड्यूमा नावाची संसद दिली. ती प्रश्न विचारायला लागली तशी 1906 आणि 1907 अशी लागोपाठ दोनदा बरखास्त केली. रोमन लोक तर संकटकाळी स्वतःहून हुकूमशहा नेमायचे, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. सीझरने इ.स.पू. 44 मध्ये ते पद तहहयात घेतलं, तिथे रोमचं गणित फिसकटलं.

आता तुझा तांडेल, होडीवरचा म्होरक्या. हा दाखला देऊन काकाला गप्प केलं, असं तुला वाटलं असणार. अगं, होडीवर तांडेलाचं ऐकतात कारण पाणी भरलं तर तोही त्याच होडीत असतो. किनाऱ्याला लागल्यावर मासळीचा लिलाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो, डिझेल-बर्फाचा खर्च वजा होतो, वाटे पडतात. एखाद्या खलाशाला हिशेब पटला नाही तर पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच्या होडीवर जातो आणि गावभर सांगतो का गेलो ते. तांडेलाचा हुकूम बंदर सोडल्यापासून बंदरात परत येईपर्यंतचा. तुझा खमक्या बंदरात परत येतो कधी? आणि देशातून उतरून तू कुठल्या होडीवर जाणार?

दाखलाच हवा तर लांब जायला नको. शिरोड्याच्या पुढे रेडी, रेडीच्या पुढे तेरेखोल. खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला 1961 पर्यंत पोर्तुगालचा होता. लिस्बनवर ज्या माणसाचा हुकूम चालायचा त्याचाच हुकूम आपल्या हद्दीला चिकटलेल्या त्या भिंतीवर चालायचा. सालाझार. हा गुंड नव्हता. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक, 1928 मध्ये अर्थमंत्री, 1932 पासून 1968 पर्यंत पंतप्रधान. राहणी साधी, लग्न केलं नाही, स्वतःसाठी इस्टेट जमवली नाही. तू पेन्सिलीने जो माणूस मागितलायस तो हाच. 1933 साली त्याने नवी घटना आणली, तिच्यावर सार्वमत घेतलं, आणि मतदानाला जे आलेच नाहीत त्यांची मतंही होकारात धरली.

त्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधान काढून टाकण्याचा अधिकार होता. म्हणजे कागदावर विचारणारा होता! 1958 च्या निवडणुकीत जनरल देल्गादु राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, अर्थातच काढून टाकणार. ती निवडणूक त्याला जिंकू दिली नाही. पुढे राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. आणि 1965 साली सालाझारच्या गुप्त पोलिसांनी देल्गादुला स्पेनच्या हद्दीत गाठून मारलं. निवडणुका होत्या, घटना होती, संसद होती. विचारणारा तेवढा उरला नाही.

खाडीपलीकडची गोष्ट आणखी जवळून बघ. गोव्यात काही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवावं लागे, लग्नपत्रिकासुद्धा. चि. सौ. कां. अमुक हिचा विवाह मिती तमुक, आणि हे वाचून पास करायला सरकारी माणूस! 1954 च्या फेब्रुवारीत म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. कुणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं म्हणालं. डॉक्टर म्हणाले, माझा निषेध आहे. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आलं. जेवणाच्या टेबलावर उच्चारलेलं एक वाक्य, बाय. तुझ्या उत्तरात 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होतो' असं जे कोरडं वाक्य आहे ना, ते खोडून तिथे हे लिही.

पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला सत्याग्रही निःशस्त्र पत्रादेवीच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला, पंजाबातला पंचविशीतला शिक्षक. बांद्याहून गोव्याला जाताना त्या स्मारकावरून तू कितीदा गेली असशील.

आणि सालाझारचा शेवट ऐक, कारण तो कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये नसतो. 1961 च्या डिसेंबरात भारतीय फौजा आल्या तेव्हा लिस्बनचा हुकूम होता की शेवटपर्यंत लढायचं, शरण जायचं नाही. गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हाला समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत होतं. त्याने 19 डिसेंबरला शरणागती पत्करली आणि आपली माणसं वाचवली. मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. डोळ्यांनी दिसतं ते सांगणाऱ्याचं असं होतं म्हटल्यावर बाकीचे काय शिकणार? 1968 मध्ये सालाझारच्या मेंदूत रक्तस्राव झाला, त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला, पण ते त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. 1970 मध्ये मरेपर्यंत जुने मंत्री त्याच्याकडे येऊन कामकाजाचं सोंग करायचे म्हणतात. छत्तीस वर्षं कुणाला तोंड उघडू दिलं नाही, तर स्वतःची खुर्ची गेल्याची बातमीही त्याच्यापर्यंत पोचली नाही.

तू म्हणशील, सालाझार परका. आपले बापूसाहेब महाराज बघा की! सावंतवाडीत आजही लोक पुण्यश्लोक म्हटल्याशिवाय त्यांचं नाव घेत नाहीत. माझे आजोबा तर नाव निघालं की हात जोडायचे. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण 1937 साली महाराज गेले आणि गादीवर आले ते जेमतेम दहा वर्षांचे युवराज. त्या लहान मुलाचा त्यात काय दोष? मात्र ते मूल पुढे कसं निघेल हे ठरवणं संस्थानातल्या एकाही माणसाच्या हातात नव्हतं. विचारणारे कुणी होते तर ते वर, इंग्रज सरकार. शिवरामराजे भले निघाले, गंजिफाची कला त्यांच्या घराने जगवली, हे वाडीचं नशीब. नशिबावर नारळाची बाग लावावी, राज्य कशाला सोडावं?

खोतांतही, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या गावच्या वतनदारांतही, मायाळू माणसं होती. कुळाच्या घरी लग्न निघालं की तांदूळ पाठवणारी. तरी 1933 साली अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला तो जवळजवळ सहा वर्षं चालला, शेतं पडीक ठेवून. 1937 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि 1949 साली ती कायद्याने संपली. कुळाने खोताला विचारायची सोयच नव्हती. तांदूळ कितीही चांगले असोत.

आता जे लिहितोय ते तुझ्या बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मी मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो हे तुला माहीत आहे. का सोडली ते तुला घरात कुणी सांगितलं नसणार. त्या वेळचा चेअरमन माझ्या वर्गातला. आम्ही एका बाकावर बसलो, एका होडीवर राबलो. माणूस स्वच्छ. सोसायटीच्या पैशाने चहासुद्धा घेत नसे. बर्फाचा कारखाना आणला त्याने, डिझेलचा पंप आणला, मुंबईला खेटे घालून. दर वेळी निवड बिनविरोध. 'आमच्याकडे निवडणूकच लागत नाही' हे लोक अभिमानाने सांगायचे, मीही सांगायचो.

मग सभा कमी होत गेल्या. तो निर्णय घ्यायचा, मला सांगायचा, मी प्रोसिडिंग बुकात लिहायचो आणि शिपाई ते बुक घेऊन संचालकांच्या घरोघर सह्यांना फिरायचा. कुणी ओसरीवर जाळं विणता विणता सही करायचा, कुणी जेवताना डाव्या हाताने. प्रत्येक ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. लाल कापडी पुठ्ठ्याचं ते बुक उघडलंस तर सलग पानांवर 'एकमत' दिसेल, सभा एकही दिसायची नाही. भानगडीचं काही असलं की ते नोटिशीतल्या शेवटच्या विषयात जायचं: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.' सोसायटीची बंदरालगतची जागा एका बाहेरच्या व्यापाऱ्याला दीर्घ मुदतीने द्यायची, हे असंच ऐनवेळी आलं. सौदा वाईट होता असं मी त्या वेळीही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मी म्हटलं, सर्वसाधारण सभेपुढे ठेव, विषयपत्रिकेवर घे, लोकांना आधी कळू दे. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, 'तुझा माझ्यावर विश्वास नाही?'

हा प्रश्न तुला जिथे ऐकू येईल तिथे सावध हो. मी म्हटलं, विश्वास आहे, म्हणून तर सभेपुढे ठेव म्हणतो. त्याने नाही ठेवलं. वार्षिक सभेत मी उभा राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, 'बस रे, मेल्या!' चेअरमन चिडला नाही हं. हसून म्हणाला, सचिवांची तब्येत बरी नाही. सगळे हसले. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा म्हटलं तर बुकच माझ्या हातातून काढून घेतलं.

तुझे बाबा त्या सभेत होते. बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, कारण महिन्याभरात माझ्या भावाच्या होडीला सोसायटीचं डिझेल उधारीवर मिळायचं बंद झालं. लेखी हुकूम वगैरे काही नाही, 'सध्या स्टॉक नाही' एवढंच. हंगाम तोंडावर. सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळे शहाणे झाले. पुस्तकातली हुकूमशाही म्हणजे तुरुंग, रणगाडे, फाशी. रोजची हुकूमशाही बऱ्याचदा अशी असते: तुला जे लागतं ते ज्याच्या हातात, त्याला तू विचारायचं नाहीस. परवाना, रेशन, नोकरी, कर्ज. सालाझारच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर राजवटीशी निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागे. डिझेलचीच ती मोठी आवृत्ती.

सोसायटीचा पैसा गेला तो त्याच्या पश्चात, पुढच्याच्या काळात. तीच खुर्ची, तेच बुक, तोच शिपाई सह्यांना फिरणारा. पहिला चोर नव्हता. पण विचारायची सवय त्यानेच मोडली होती, दुसऱ्याला आयतं मिळालं. आता लोक रस्त्यात थांबवून मला म्हणतात, अण्णा, तुमचं खरं होतं. आणि लगेच जोडतात, जरा गोडीनं घेतलं असतंत तर... गोडीनं? किती गोडीनं? ओसरीवर सांगून झालं, खाजगीत सांगून झालं, चिठ्ठी पाठवून झाली. ज्याच्याजवळ 'नाही' ऐकायची जागाच उरली नाही त्याला ते साखर घालून सांगा की मीठ. मित्र गेला याचं मला दुःख आहे. त्याच्या अंत्ययात्रेत मी शेवटच्या माणसाच्याही मागे चाललो, आणि त्याच्या घरची माणसं माझ्याशी आजही बोलत नाहीत. पण उभा राहिलो ते बरोबर केलं. माझा विरोध अजून त्या बुकात नाही. असायला हवा.

हट्टी म्हातारा म्हणशील. म्हण. पण मग 1975 कडे बघ. 25 जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते समजलं 26 तारखेच्या सकाळी. आधी ठराव, मग सभा. ऐनवेळचा विषय! आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला: आणीबाणीत डांबलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून दाद मागता येते का? पाचांपैकी चार न्यायमूर्ती नाही म्हणाले. एच. आर. खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. पण त्यांचा विरोध निकालपत्रात छापलेला राहिला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानेच तो जुना निकाल रद्दबातल ठरवला तेव्हा खन्नांची ती पानं तिथे होती, वाचायला, दाखवायला. मला त्यांचा हेवा वाटतो, खरं सांगतो.

1977 मध्ये निवडणूक झाली, सरकार पडलं, दंडवते पुन्हा निवडून आले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ठरलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. लेखी. प्रोसिडिंग बुकासाठी भांडणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि देशाला शेवटी घटनेत नेमकं तेच लिहावं लागतं.

तुझ्या क्लासचे सर सिंगापूर सिंगापूर करतात ते मला माहीत आहे. ली कुआन यू 1959 ते 1990 पंतप्रधान होते आणि त्यांनी देश घडवला, कबूल. पण आफ्रिकेतल्या झैरेत 1965 पासून 1997 पर्यंत देश लुटणारा मोबुतू होता. तोही एकटाच निर्णय घ्यायचा, तेही भराभर. त्याचं नाव सर का घेत नाहीत?

भराभर निर्णयांचंच बोलायचं तर चीन घे. 1958 मध्ये माओने मोठी झेप जाहीर केली. वरून धान्याचे मोठे आकडे मागितले, खालून फुगवलेले आकडे गेले, त्या आकड्यांच्या हिशेबाने खेड्यांतून धान्य उचललं आणि खेडी उपाशी राहिली. 1959 च्या उन्हाळ्यात लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआईने माओला पत्र लिहून हे सांगितलं. पत्र खाजगी होतं. माओने त्याच्या प्रती काढून सगळ्यांत वाटल्या आणि पेंगचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर खरा आकडा वर कोण पाठवणार? दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. खुर्चीपर्यंत खरं पोचवायला विचारणारा लागतो, बाय. तो खुर्चीवाल्याच्याही उपयोगाचा असतो, हे त्या बिचाऱ्यांना कळत नाही.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत ते म्हणाले, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. हे तू पाठ केलंयस, तुझ्या दुसऱ्या उत्तरात आहे. मग पेन्सिल हातात आल्यावर कुठे गेलं?

आता कामाचं. उत्तर पुन्हा लिही. 'सर्वंकषवाद' आणि एकाधिकारशाही तू एकच धरलीस, ती सोडव. सालाझारला लोक गप्प हवे होते, हिटलर आणि स्टालिनला जयजयकारही हवा होता, मुलांच्या खेळात आणि कवींच्या वहीतही. हा फरक चार ओळींत बसतो. 'एकाधिकारशाहीचे फायदे' या मथळ्याखालचा 'जलद निर्णयप्रक्रिया' हा मुद्दा ठेव, परीक्षकाला हवा असतो. त्याच्याखाली लूशान घाल. प्रकारांची यादी निम्मी कर. गायतोंड्यांना जागा दे.

आणि जेट्टी. ती मेरीटाइम बोर्डाकडे असते, ग्रामपंचायतीवर ओरडून उपयोग नाही. पण ग्रामसभेचा ठराव करून पाठवता येतो. तहकूब झालेल्या सभेला कोरमची अट नसते, तेव्हा पुढच्या तारखेला जा आणि ठराव शब्दशः लिहून झाल्याशिवाय उठू नकोस. त्याबरोबर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक: काम कधी मंजूर झालं, पैसे किती आले, ठेकेदाराला मुदतवाढ कुणी आणि कशाच्या आधारे दिली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील, मग दुसरं. वेळ लागेल. तुझा खमक्या असता तर त्याला दहा रुपयांत विचारता आलं असतं का, ते अर्ज लिहिताना एकदा मनात आण. मसुदा मी करून ठेवतो. टेबलावरचा माणूस 'ठेवून जा' म्हणेल. ठेवू नकोस. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घे, तोवर तिथून हलू नकोस.

तुझा,
काका